आठवा मसुदा

माझ्या उमेदवारीचा पहिला अर्ज लिहायला आबा आंघोळ करून बसले. मी म्हटलं, आबा, मला कारखान्यात इंजिनं खोलायला जायचंय, पूजेला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कागदाला डावीकडे चार बोटं समास दुमडला, टाक झटकला आणि म्हणाले, "अर्ज माणसाच्या आधी आत जातो. तो नीट उभा राहिला पाहिजे."

आबा म्हणजे माझे वडील. कोल्हापूर दरबारच्या कचेरीत बावीस वर्षं ते मसुदे लिहीत होते. कुणाला काय कळवायचं ते वरिष्ठ तोंडी सांगत आणि ते कागदावर कसं उतरवायचं ते आबा ठरवत. त्यांनी लिहिलेला नकारसुद्धा घेणारा जपून ठेवी, असं त्यांचे जुने सोबती सांगायचे. मग संस्थान विलीन झालं, कचेरी मुंबई सरकारची झाली आणि नव्या साहेबानं आबांच्या पहिल्याच मसुद्यावर लाल पेन्सिलीनं उभी काट मारली. शेरा एवढाच, 'थोडक्यात लिहा'. महिन्याभरात त्यांना आवक-जावकच्या टेबलावर नेऊन बसवलं. आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा आणि गेलेल्या पत्राचा नंबर टिपायचा. घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं की नवं टेबल खिडकीजवळ आहे, उजेड चांगला येतो.

लेखणीचे दिवस संपले, तू हातानं काहीतरी शीक, हे त्यांनीच मला सांगितलं आणि मॅट्रिक होताच तांत्रिक वर्गात घातलं. त्या वर्गाची अट अशी होती की दुसऱ्या वर्षी एखाद्या कारखान्यात सहा महिने उमेदवारी करायची आणि मालकाच्या सहीचा दाखला आणायचा. उमेदवारी म्हणजे फुकट राबणं. पगार नाही, आणि वर चहा सांगायला पळायचं ते वेगळंच. पण दसऱ्याच्या आत कारखान्यात पाय पडला नाही तर परीक्षेपर्यंत सहा महिने भरत नाहीत आणि वर्ष बुडतं. फुकट राबणाऱ्याला नाही कोण म्हणणार, असं मला वाटायचं. सात जणांनी म्हटलं.

आबांचा अर्ज 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री' इथून सुरू व्हायचा. मग साष्टांग नमस्कार, मग विनंती विशेष. त्यानंतर माझे पणजोबा यायचे, ते पन्हाळ्याच्या धान्यकोठीवर होते. मग आजोबा, मग स्वतः आबा आणि त्यांची बावीस वर्षांची एकनिष्ठ चाकरी. हे सगळे मानानं आत जाऊन बसले की दुसऱ्या पानाच्या तळाशी मी यायचो, तोही 'सदरहू अर्जदार' म्हणून. शेवट 'सेवेसी श्रुत होय हे विज्ञापना'. स्वच्छ प्रत मी काढायचो. माझं अक्षर वळणदार होतं, आणि खोटं कशाला बोलू, पणजोबांचा भाग लिहिताना मलाही जरा छाती फुगल्यासारखी वाटायची.

नकार आला की आबा आधी त्या नकाराचा मसुदा तपासत. "'जागा नाही. कळावे.' हे काय लिहिणं झालं? नाही म्हणायचीसुद्धा रीत असते." मग माझ्या प्रतीत खोट शोधत. 'राजश्री' ओळीच्या शेवटी तुटलं होतं, किंवा खालचा समास कमी पडला होता. पुढचा मसुदा आधीच्यापेक्षा लांब व्हायचा, त्यात आदर वाढायचा, आणि आजोबांना मिळालेल्या शेल्याचा नवा उल्लेख यायचा. आई एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "त्या लोकांना एवढं वाचायला सवड असेल का?" आबा म्हणाले, "सवड काढावी लागावी, असाच अर्ज लिहायचा असतो." सातवा अर्ज पाच पानांचा झाला.

त्या सातव्याचं काय झालं ते विचारायला मी शाहूपुरीत, कारखान्यांच्या पेठेत गेलो होतो. मालक चहाच्या दुकानात गेलेत असं कळलं, म्हणून तिकडे वळलो. आत चार-पाच कारखानदार बसले होते, कोपरापर्यंत तेलाचे हात, कानाला पेन्सिल. मी दारातच होतो. त्यातल्या एकानं पोऱ्याला हाक मारली, "अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री, चार चहा आण की." सगळं दुकान हसलं. दुसऱ्यानं लगेच पुढचं लावलं, साष्टांग नमस्कार विनंती विशेष, साखर जास्त टाक. त्यांना ते पाठ झालं होतं. माझा अर्ज एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात नुसता जात नव्हता, तो त्यांचा दुपारचा तमाशा झाला होता.

मला राग आला. तो त्या माणसांचा यायला हवा होता. पण मला आबांचा राग आला, आणि इतका आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आंघोळ करून लिहिलेल्या त्या ओळी, आणि त्यांच्यावर लोक साखर मागतायत. मी तसाच मागे फिरलो.

रस्त्याच्या टोकाला एका म्हाताऱ्या मिस्त्रींचा कारखाना होता. तेलाची इंजिनं, उसाचे चरक, जे येईल ते ते दुरुस्त करायचे. तिसरा अर्ज त्यांच्याकडेच गेला होता. ते दारात बसून एक पिस्टन पुसत होते. त्यांनी मला ओळखलं कसं, देव जाणे. हातातलं फडकं हलवून त्यांनी बोलावलं.

"दरबारी अर्जवाला तूच न्हवं?"

मी मान हलवली.

"रडाय काय झालं? बस हितं. मला सांग, तुला येतंय काय?"

"अर्जात लिहिलंय की."

"अर्जात तुझ्या आज्ज्याला काय येत हुतं त्ये लिवलंय. बाला काय येतंय त्ये लिवलंय. तुला काय येतंय?"

मग म्हटलं, सायकल पूर्ण खोलून परत बसवतो. घरातला स्टोव्ह मीच दुरुस्त करतो. शेजारच्या शिंप्याचं मशीन दोनदा चालू करून दिलंय.

"मग त्ये का न्हाय लिवलंस?" त्यांनी पिस्टन बाजूला ठेवला. "हे बघ बाळ, त्यो अर्ज वाचला की आमास्नी उठून मुजरा करावा वाटतोय. असल्या घरचं पोरगं हितं हात काळं करंल व्हय? कचेरीत खुर्ची घावली की चार दिवसांत पळंल, म्हणून कुणी घेत न्हाय तुला. दुसरं कायबी न्हाय."

त्यांच्या कारकुनानं कागद दिला. मी तिथेच, लोखंडाचा कीस पडलेल्या टेबलावर, उभ्यानं लिहिलं. मी तांत्रिक वर्गात शिकतो. मला सायकल, स्टोव्ह आणि शिलाईचं मशीन दुरुस्त करता येतं. लेथ येत नाही, शिकायचा आहे. सहा महिने उमेदवारी मिळावी. कारकून म्हणाला, वडील काय करतात ते टाक. मी खाली टाकलं, 'वडील कारकून आहेत.' मिस्त्रींनी तो कागद मोठ्यानं वाचून घेतला आणि म्हणाले, "सोमवारी ये. धोतर नको, चड्डी घालून ये."

खरं सांगायचं तर वाटेत मी सगळं ठरवलं होतं. घरी गेलो की चहाच्या दुकानातलं सोडून बाकीचं सांगायचं. आबा सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बसले होते, पुढ्यात आठवा मसुदा अर्धा झाला होता. मी म्हटलं, "आबा, मिळाली." त्यांनी टाक खाली ठेवला. इतक्या हळू ठेवला, की जणू कागदावर कुणी झोपलं होतं. "सातवा अर्ज लागला?" त्यांनी विचारलं. "नाही, म्हणजे, तिसरा. मिस्त्रींनी परत काढून वाचला." हे वाक्य माझ्या तोंडातून कसं आलं ते मला आजही कळत नाही. आबा उठले, देवापुढे साखर ठेवली, आणि विलीनीकरणानंतर पहिल्यांदा मी त्यांना गुणगुणताना ऐकलं. आता हे कोण मोडणार? मी मोडलं नाही.

पण खोट्याला पाय फुटतात. आबांच्या अर्जानं काम झालं ही बातमी गल्लीत पसरली आणि दर रविवारी सकाळी आमच्या सोप्यात माझ्या वर्गातली पोरं येऊन बसू लागली. त्यांनाही उमेदवारी हवी होती. आबा एकेकाला समोर बसवत, पणजोबांपासून विचारत. कुणाचे पणजोबा मेंढरं राखत, कुणाचे नावही माहीत नसे, पण आबा त्यातून काहीतरी काढत. 'भूमातेची एकनिष्ठ सेवा करणारे घराणे' असं त्यांनी एकाचं लिहिलं. कचेरीत दिवसभर शिक्के मारणारा माणूस रविवारी असा ताठ बसलेला पाहून मला बरं वाटायचं, आणि त्या पोरांकडे बघवायचंही नाही. अर्ज जात होते आणि परत येत होते. आबा नवे, आणखी लांब मसुदे करत होते.

त्या पोरांत एक कोडोलीचा होता. बोर्डिंगात राहायचा, वर्गात माझ्या शेजारी बसायचा. हातानं माझ्यापेक्षा सरस. गावच्या विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की त्याला शाळेतून बोलावून न्यायचे. असा मुलगा कुठल्याही मिस्त्रीनं नुसता हात बघून घेतला असता. पण तो आबांकडे आला, कारण अर्ज आबांचा होता आणि पुरावा मी होतो. बाकीच्यांची कुणाकुणाच्या ओळखीनं एकेक करून सोय झाली, त्याचे मात्र चार अर्ज परत आले, तेव्हा त्यानं मला एकदा वर्गाबाहेर थांबवलं.

"खरं सांग, तुझा अर्ज असाच हुता न्हवं?"

तेव्हा दसऱ्याला वीस-बावीस दिवस होते. खरं सांगितलं असतं तर त्याला पुरे झाले असते. मी त्याच्याकडे पाहिलं, आणि माझ्या डोळ्यांपुढे सोप्यात बसलेले आबा आले. त्याला सांगितलं तर रविवारी सगळ्यांना कळणार होतं.

"असाच होता," मी म्हणालो. "आणखी एक टाकून बघ."

त्यानं टाकला. सहा पानांचा.

खंडेनवमीला कोल्हापूरच्या कारखान्यांत यंत्रांची पूजा होते. लेथला झेंडूचे हार, ऐरणीवर हळदकुंकू, इंजिनापुढे नारळ. त्या दिवशी मिस्त्री उमेदवारांच्या वडलांना बोलावत, तसा आबांनाही निरोप आला. ते सकाळपासून तयारीत होते. दरबारात जायचा काळा लांब कोट आणि डोक्याला बांधायचा जरीच्या काठाचा रुमाल त्यांनी विलीनीकरणानंतर पेटीबाहेर काढले नव्हते, ते काढले. आईनं कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो म्हणून उन्हात टाकला. आबांनी पेढे घेतले आणि आम्ही चालत शाहूपुरीला गेलो. मी वाटेत काहीतरी बोलायला हवं होतं. माझा धीर झाला नाही, आणि मिस्त्री गर्दीत विसरतील अशी मला आशा होती.

मिस्त्रींनी आबांना खुर्ची दिली, पानसुपारी दिली. पूजा झाली. आबा मला अर्ध्याअर्ध्या आवाजात विचारत होते की कुठलं यंत्र कशाचं. मग ते उठले, मिस्त्रींपुढे पेढ्यांचा पुडा धरला आणि त्यांच्या पद्धतीनं बोलले. आमच्या मसुद्याला आपण न्याय दिलात, असं काहीतरी. मिस्त्री हसले.

"मसुदा कशाचा, पावणं? पोरगं चांगलं हाय. त्याच्या चार वळी मी भिताडाला लावल्यात. येईल त्या पोराला दावतोय, असं लिवा म्हनून."

भिंतीवर, कॅलेंडरशेजारी, खिळ्याला माझा कागद होता. तेलाच्या बोटांचे डाग पडले होते. आबा जवळ गेले. चष्मा काढून पुसला, परत लावला. पाच ओळी वाचायला किती वेळ लागतो? ते बराच वेळ उभे होते. शेवटच्या ओळीवर त्यांची नजर थांबलेली मी पाहिली. पणजोबा, आजोबा, शेला आणि बावीस वर्षं, या सगळ्याचं मी एक वाक्य केलं होतं. वडील कारकून आहेत.

आता हे निघून जातील असं मला वाटलं. आबा वळले आणि मिस्त्रींना म्हणाले, "माझी एक विनंती आहे. कोडोलीचा एक मुलगा आहे. हात फार चांगला आहे त्याचा. आज त्याला घेता येईल का? उद्या दसरा."

मिस्त्रींचा चेहरा पडला. "दोन दिस आधी सांगायचं की वो. कालच जागा भरली बघा. आता हुभं ऱ्हायाला जागा न्हाय हितं."

आबा म्हणाले, "बरोबर आहे." त्यांनी तिथल्या प्रत्येक कामगाराला पेढा दिला, मलाही दिला.

घरी आल्यावर रुमाल खुंटीला अडकवून ते बसले आणि म्हणाले, "'येत नाही, शिकायचा आहे' हे चांगलं लिहिलंस. मला सुचलं नसतं." मी रडायला लागलो. आबा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, असं काहीतरी बोलत होतो. ते म्हणाले, "मला वाटलं असतं वाईट. दोन दिवस वाटलं असतं. त्या पोराचं वर्ष गेलं रे."

पुढच्या रविवारी पुढच्या वर्षीच्या अर्जासाठी सोप्यात आलेल्या खालच्या वर्गाच्या पोरांना त्यांनी दारातूनच माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं की आता अर्ज हा लिहून देईल, माझे अर्ज चालत नाहीत. मग रुमाल न बांधता, साधी टोपी घालून ते सर्व्हिस मोटारीनं कोडोलीला गेले. मी येतो म्हटलं, तर नको म्हणाले. तिथे काय बोलले ते मला फार नंतर त्या मुलाकडूनच कळलं. तो गावातच राहिला होता, पुन्हा वर्गात आला नाही. शेतातली इंजिनं दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "तुझं आबा आलतं. माझ्या बाला हात जोडून म्हनलं, माझ्या अर्जामुळं तुमच्या पोराचं वर्ष गेलं." माझं नाव आबांनी काढलंच नव्हतं. मीही त्याच्यापुढे ते काढलं नाही. त्याच्या आईनं दिलेली गुळाची ढेप आबांनी घरी आणली होती आणि ती आम्ही संक्रांतीपर्यंत खाल्ली.

मला दाखला मिळाला, मी पास झालो आणि मिस्त्रींनीच मला पगारावर ठेवून घेतलं. पोरांचे अर्ज मी लिहून द्यायचो. बहुतेकांचे लागायचे. आबा आवक-जावकच्या टेबलावरच होते. मसुद्याच्या टेबलावर परत घ्यावं म्हणून ते दर वर्षी साहेबाला अर्ज देत, अखंडित लक्ष्मीपासून विज्ञापनेपर्यंत, आणि त्यावर 'दप्तरी ठेवावे' असा शेरा पडे. हे अर्ज त्यांच्याच टेबलावर आवक म्हणून येत आणि त्यांवर शिक्का तेच मारत.

त्यांच्या नोकरीची शेवटची दोन वर्षं उरली होती तेव्हा एका सकाळी मी सोप्यात बसून एका पोराचा अर्ज लिहीत होतो. तो गेल्यावर आबा समोर येऊन बसले, त्या पोराच्याच जागेवर. म्हणाले, "माझाही एक लिहून दे. मसुद्याची जागा रिकामी होतेय. तुझ्यासारखा लिही, थोडक्यात."

मी नवा कागद घेतला. आणि सवयीनं, कित्येक पोरांना विचारला होता तोच प्रश्न माझ्या तोंडून गेला.

"तुम्हाला काय येतं?"

विचारला आणि मला जीभ चावावीशी वाटली. आबांना राग आला नाही. ते खरोखरच विचार करत होते. उजव्या हाताचं मधलं बोट, टाकाच्या घट्ट्याचं, ते अंगठ्यानं चोळत राहिले.

"मसुदा लिहिता येतो," ते म्हणाले. "तसंच लिही. मला मसुदा लिहिता येतो."

मी ते माझ्या अक्षरात लिहिलं. आबांनी वाचलं, एकही शब्द बदलला नाही आणि खाली सही केली. पंधरा दिवसांनी साहेबाचं उत्तर आलं. पूर्वीसारखा शेरा नव्हता, वेगळ्या कागदावर एक ओळ होती, आपली विनंती मान्य करता येत नाही याचा खेद वाटतो. आबांनी तो कागद माझ्यापुढे धरला.

"बघ," ते म्हणाले, "हा नकार चांगला लिहिलाय."